कमेंट पुसायच्या होत्या, गोल नव्हे

अक्का, नमस्कार.

मी बेळगावच्या अनगोळचा, वय २३. दिवसा मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात असतो, संध्याकाळी फुटबॉल. आमच्या ग्रुपचं इन्स्टाग्रामवर पेज आहे. बेळगाव, निपाणी, कोल्हापूरच्या मॅचचे व्हिडिओ टाकतो. अकरा हजार फॉलोअर आहेत. माझी बहीण बारावीला आहे, १७ वर्षांची. ती पण खेळते. जिल्ह्याच्या संघात आहे, औंदा राज्याच्या निवड चाचणीलाही जाऊन आली.

गेल्या महिन्यात लेले मैदानावर तिची मॅच होती. बॉक्सच्या बऱ्याच बाहेरून तिनं असा शॉट मारला की गोलकीपर जागची हललीच नाही. खरं सांगतो, आमच्या टीममध्ये कुणाला जमला नसता. मी व्हिडिओ काढला होता, पेजवर टाकला. रात्रीपर्यंत दोनशेवर कमेंट. "आधी भाकरी गोल करायला शिक." "गोलकीपरच्या बांगड्या अडकल्या काय?" चड्डीवरून जे लिहिलं होतं ते इथं लिहू शकत नाही. आमच्याच ग्रुपमधल्या एकानं तिचा स्क्रीनशॉट काढून गाणं लावून स्टेटसला ठेवला. मग काकांचा फोन आला, "पोरीला बाजारात मांडलास की रे." बाबा काहीच बोलले नाहीत. मी व्हिडिओ काढून टाकला.

सकाळी बहिणीनं विचारलं. म्हटलं, लोक घाण बोलायलेत म्हणून काढला. ती म्हणाली, "घाण त्यांनी केली, पुसलास मला. आता मी सांगतो तेव्हाच टाकायचं." तीन आठवडे झाले, माझ्याशी बोलत नाही. सरावाला माझ्या गाडीवरून जायची, आता सायकलनं जाते.

मी तिच्या भल्यासाठीच केलं. माझं चुकलं काय? आणि खरं विचारायचं तर, पोरं म्हणतात बायकांचा फुटबॉल बघवत नाही, स्लो असतो. मी पण फारसा बघत नाही. पेजवर टाकला तर फॉलोअर कमी होतात. मग टाकायचा कशाला, हेही कळेना झालंय.

— एक भाऊ, अनगोळ

अरे भावा,

व्हिडिओ काढून टाकलास म्हणून मी तुला फासावर देणार नाही. रात्रीची वेळ, दोनशे कमेंट, वर काकांचा फोन, आणि बहीण शेजारच्या खोलीत पुस्तक घेऊन बसलेली. हात आपोआप डिलीटकडे जातो. पण तिला विचारायला शेजारच्या खोलीपर्यंतच जायचं होतं, तेवढा गेला नाहीस. तिचा राग व्हिडिओ काढून टाकल्याचा कमी आणि त्या दहा पावलांचा जास्त असावा.

तिचं वाक्य परत एकदा वाच. कमेंट बंद करता आल्या असत्या. घाणेरडे शब्द आपोआप लपतील अशी यादी घालता आली असती. ज्यानं लिहिलं त्याला ब्लॉक करता आलं असतं. मोबाईलच्या दुकानात बसणाऱ्याला हे मी सांगायचं म्हणजे आजीनं नातवाला सायकल शिकवण्यातला प्रकार झाला. हे सगळं तुला माहीत होतं. तरी तू ते एकच बटण दाबलंस ज्यानं कमेंट करणाऱ्यांचं काही गेलं नाही आणि हिचा गोल गेला. दुसऱ्या दिवशी ते दोनशे जण आपापल्या कामाला लागले. सायकल काढायची वेळ कुणावर आली ते तू बघतोच आहेस.

हे मी तुला वरच्या पायरीवर उभी राहून सांगत नाही. तू एकदा केलंस. मी सात वर्षं केलं आणि त्याचा पगार घेतला.

नव्वदीच्या दशकात मी गावातल्या एका पेपरात रात्रपाळीला होतो. (हो, "होतो". तुझी बहीण "मी सांगतो" म्हणते ना, तसंच. आमच्या गावाकडं बायका येतो, जातो, खातो असंच बोलतात. ऑफिसात माझ्या कॉपीतल्या प्रत्येक "जातो"वर लाल रेघ बसायची आणि त्याचं "जाते" व्हायचं. पुढं हात वळला, पण तोंड काही वळलं नाही.) तेव्हा अख्खं पान कॉम्प्युटरवर लागत नसे. मजकुराच्या लांब पट्ट्या निघायच्या, ब्रोमाईडच्या. त्या कटरनं कापायच्या आणि पानाच्या कागदावर चिकटवायच्या. रात्री साडेदहाला पान तयार होत आलं की जाहिरात खात्याचा माणूस यायचा. कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा, आठ सेंटीमीटर, दोन कॉलम. आता कापायचं काय? मुख्य उपसंपादकांना विचारायला लागायचं नाही, मला पाठ होतं. मुलींचा सामना. बातमी अख्खी काढायची नाही, तेवढी लाज होती. खालून कापायची. वर राहायचं, "मुलींच्या गटात अमुक शाळा विजयी". खाली असायचं गोल कुणी केले ते.

एका रात्री घरी आलो, चप्पल काढली, तर तळाला गमानं चिकटलेली पट्टी. दोन नावं, पुढं कंसात मिनिटं. बारा किलोमीटर त्या दोन पोरींना पायाखाली घेऊन आलो होतो. पट्टी सोलून काढली, चुलीत टाकली, आणि दुसऱ्या रात्री परत कटर घेतला. वाईट वाटलं म्हणून माणूस लगेच सुधारतो असं काही नसतं. त्यातली एक आता शाळेत पी.टी. शिकवते. बाजारात भेटली की "अक्का, पेपरात असताना किती छान लिहायचा तुम्ही" म्हणते. मी तिला अजून सांगितलेलं नाही.

आमच्या ऑफिसात एक वाक्य ठरलेलं होतं, मुलींचं कुणी वाचत नाही. पुरावा काय, तर एकाही वाचकाचा तक्रारीचा फोन आला नाही. न छापलेल्या बातमीबद्दल फोन कोण करणार रे? हे फक्त आपल्या गावातलं समजू नकोस. अमेरिकेत काही अभ्यासकांनी तीस वर्षं टीव्हीवरच्या खेळांच्या बातम्या मोजल्या. १९८९ ला बायकांच्या खेळाला साधारण ५ टक्के वेळ मिळत होता. २०१९ ला मोजला, तर तेवढाच. मधल्या काळात त्यांच्या बायकांनी फुटबॉलचा विश्वचषक चार वेळा जिंकला होता. एकूण काय, कटर सगळीकडं सारखाच चालतो.

"बायकांचं कुणी बघत नाही" हे तुझ्या पोरांचं म्हणणं, त्याला मी इंग्लंडची गोष्ट सांगतो. पहिल्या महायुद्धात पुरुष लढायला गेले आणि कारखान्यांत बायका आल्या. प्रेस्टन गावातल्या डिक-कर कारखान्याच्या बायकांनी फुटबॉलचा संघ काढला. २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांच्या सामन्याला ५३ हजार लोक होते. पैसे धर्मादाय कामाला जायचे. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ ला, तिथल्या फुटबॉल संघटनेनं ठराव केला की हा खेळ बायकांना साजेसा नाही, त्याला उत्तेजन देऊ नये, आणि संलग्न क्लबांनी आपली मैदानं त्यांना देऊ नयेत. ती बंदी उठायला जवळजवळ पन्नास वर्षं गेली. मैदान नाही म्हणून सामने नाहीत, सामने नाहीत म्हणून बातमी नाही. आणि पन्नास वर्षांनी तिथलेच लोक विचारायला लागले, बायकांच्या फुटबॉलला प्रेक्षक का नाहीत?

आता "स्लो असतो" ह्याचं बघू. खोटं बोलणार नाही. पुरुष आणि बायकांचा वरच्या दर्जाचा सामना शेजारी शेजारी लावला तर वेगात फरक दिसतो. गोलपोस्ट दोघांना एकच, ७.३२ मीटर रुंद, २.४४ मीटर उंच. साडेपाच फुटाच्या पोरीला वरच्या कोपऱ्यातला चेंडू काढायला जास्त उडावं लागतं, हे समजायला कोच लागत नाही. पण झुरिच विद्यापीठातल्या संशोधकांनी एक मजेशीर प्रयोग केला, २०२३ ला प्रसिद्ध झाला. ६१३ जणांना पुरुषांच्या आणि बायकांच्या सामन्यातले गोल दाखवले. काहींना व्हिडिओ जसाच्या तसा. काहींना खेळाडू धूसर करून, म्हणजे बाई की पुरुष ते कळू नये असा. स्पष्ट बघणाऱ्यांनी पुरुषांच्या गोलांना जास्त गुण दिले. धूसर बघणाऱ्यांच्या गुणांत म्हणावा असा फरक निघालाच नाही.

हा प्रयोग तुला कट्ट्यावर करता येईल. एडिटिंग तुझ्या हातचा मळ आहे. बहिणीचा गोल धूसर कर, तुमच्यातल्या दोघांचे गोल धूसर कर, आणि पोरांना गुण द्यायला सांग. तिची परवानगी घेऊन कर, ते पुढं सांगतोच.

तुझ्या पोरांना मला एक विचारायचंय. तुम्ही कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर जाता. पाटाकडील तालीम विरुद्ध दिलबहार तालीम असली की निपाणीच्या पुढं गाड्यांची रांग. तो खेळ काय युरोपातल्या क्लबांच्या तोडीचा असतो? नसतो, आणि असावा असं कुणाला वाटतही नाही. लोक जातात कारण पेठ आपली, तालीम आपली. अमक्याचा पोरगा डाव्या पायाचा आहे, तमक्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, गेल्या वर्षी ह्यानं पेनल्टी घालवली होती, सगळं ठाऊक. जुलैच्या चिखलात तुमची मॅच होते, चेंडू जागचा हलत नाही, तरी तू ती अकरा हजार लोकांना दाखवतोस आणि लोक बघतात. दर्जा बघायचा असता तर तुमचं पेज कधीच बंद पडलं असतं. लोक ओळखीचं बघतात. आणि ओळख कोण करून देतं? पूर्वी आम्ही करून द्यायचो, आता तू देतोस. तुझ्या पेजवर अमक्याचं नाव चाळीसदा येतं म्हणून तो गावाचा हिरो. बहिणीचा व्हिडिओ टाकलास तेव्हा खाली काय लिहिलंस ते पत्रात नाही, पण मी पैज लावतो, "माय सिस्टर" आणि दोन आगीच्या खुणा. नाव नाही, संघ नाही, मिनिट नाही, स्कोअर नाही. बरोबर?

अनोळखी पोरगी चड्डीत पळताना दिसली, तर हलकट माणूस चड्डीच बघतो. अनगोळची सात नंबर, ह्या हंगामातला तिचा पाचवा गोल, असं लिहिलंस तर हलकट तरीही चड्डीच बघेल. पण शेजारचा दहावा माणूस गोल बघेल. तुला त्या दहाव्यासाठी काम करायचं आहे.

हे होतं. डोळ्यांदेखत झालंय. आपल्या शेजारच्या सांगलीची स्मृती मानधना बघ. २०१७ ला लॉर्ड्सवर आपल्या बायका विश्वचषकाचा अंतिम सामना ९ धावांनी हरल्या, तेव्हा गल्लीत निम्म्या लोकांना संघातली तीन नावं सांगता येत नव्हती. मग सामने नीट टीव्हीवर यायला लागले. २०२२ ला दर सामन्याचं मानधन पुरुषांइतकं झालं, २०२३ ला त्यांची लीग आली. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत विश्वचषक जिंकला, त्या रात्री आमच्या शहापुरात फटाक्यांनी झोप लागली नाही. खेळ काय एका रात्रीत सुधारला? दाखवणं सुधारलं, मग पैसा आला, मग खेळही वाढला. आणि एक गंमत सांगतो, काकांच्या कानावर मुद्दाम घाल. २०२४ ला बेंगळुरूच्या संघानं बायकांची लीग जिंकली, पुरुषांच्या एक वर्ष आधी. कप्तान कोण? सांगलीची पोरगी. तेव्हा जर्सी कुठल्या राज्याची म्हणून आपल्या सीमाभागात कुणाचं पोट दुखलं नाही. तुझ्या बहिणीची निवड झाली तर ती कर्नाटकाच्या जर्सीत दिसेल, आणि कुणीतरी त्यावरूनही फाटा फोडेल. फोडू दे.

फुटबॉलचं मात्र अजून तसं झालेलं नाही. ५ जुलै २०२५ ला थायलंडमध्ये चियांग माईला आपल्या बायकांनी थायलंडलाच २-१ हरवलं. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी खेळून आशिया चषकाला पोचायची भारताची ती पहिलीच वेळ. त्याच दिवशी बर्मिंगहॅमला शुभमन गिलनं पहिल्या डावातल्या द्विशतकावर दुसऱ्या डावात शतक चढवलं. त्यात गिलचा काय दोष? पण दोन दिवसांनी मी भाजीवाल्यापासून बँकेतल्या कॅशियरपर्यंत सात जणांना विचारलं. गिल सगळ्यांना माहीत. संगीता एकालाही नाही. एकानं विचारलं, "कुठली मालिका?" आणि हे काही पहिलं यश नाही. १९८० आणि १९८३ ला आपला महिला संघ आशियात उपविजेता होता. शांती मलिकला ८३ ला अर्जुन पुरस्कार मिळाला. एवढं मागं जाऊन बघितलं की वाटतं, आपल्या देशातही कटरवाले कमी नव्हते.

तुमची पोरं एफसी गोवाचे सामने बघायला चोर्ला घाट उतरून फातोर्ड्याला जातात ना? त्याच मैदानावर २०२२ च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकाच्या दोन्ही उपांत्य लढती झाल्या. नायजेरिया-कोलंबिया, जर्मनी-स्पेन. भारत भुवनेश्वरलाच गटात बाद झाला होता, मान्य. पण विश्वचषक आपल्या घाटाखाली आला होता. तुमच्यातलं कोण गेलं होतं?

आता तुझ्याविषयी. इंग्लंडमध्ये डरहॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी जवळजवळ दोन हजार पुरुष चाहत्यांना बायकांच्या खेळाबद्दल काय वाटतं ते विचारलं होतं, निष्कर्ष २०२२ ला आले. तीन तऱ्हेचे पुरुष सापडले. एक, मनापासून पाठिंबा देणारे. दोन, उघड हिणवणारे, आणि हेच जास्त. तिसरे संख्येनं थोडे, पण मला तेच ओळखीचे वाटले. चारचौघांत "हो, बरोबरीच पाहिजे" म्हणणारे आणि आत वेगळंच मानणारे. "मी पण फारसा बघत नाही" हे तू स्वतःहून लिहिलंस, म्हणजे तिसऱ्यातून निसटायची धडपड आहे. म्हणून तर एवढं लांबण लावलंय.

करायचं काय, ते सांगतो. आधी बहिणीकडं जा. "माझा हेतू चांगला होता" ह्या वाक्यानं सुरुवात करू नकोस. ते खरं असलं तरी तिला त्याचं काही नाही. "तुला न विचारता टाकला, न विचारता काढला, दोन्ही चुकलं" एवढं बोल आणि गप्प बस. मग विचार, परत टाकू काय? ती नको म्हणाली तर नको. "मी सांगतो तेव्हाच" असं तिनं बजावलंय, ते पाळ. ती सतराची आहे, तेव्हा आईबाबांनाही विचारावं लागेल. बाबा काही बोलले नाहीत असं लिहिलंस. त्यांना कुणी विचारलंच नसेल, तर ते गप्पच राहणार.

हो म्हणाली तर जुना परत आणू नकोस. डिलीट केलेलं तीस दिवस तिथं राहतं हे तुला माहीत असेलच, पण तो नवा म्हणूनच टाक, नावासकट. त्याआधी बसून नको असलेल्या शब्दांची यादी घाल. मराठी, कन्नड, हिंदी, आणि प्रत्येक शिवी इंग्रजी अक्षरांत चार तऱ्हांनी. बेळगावच्या माणसाला तीन भाषांत शिव्या येतात ह्याचा अभिमान वाटायचा मला. आता टाईप करताना तुझी बोटं दुखतील. भाकरीवाल्या कमेंट मात्र राहू देत. तिथं एकच उत्तर दे, तिच्या पुढच्या गोलाचा व्हिडिओ.

स्टेटसवाल्या मित्राचं वेगळं. ती थट्टा नव्हे. सतरा वर्षांच्या पोरीचं चित्र काढून गाणं लावून फिरवणं हा गुन्ह्याच्या वाटेवरचा प्रकार आहे. फोनवर नको, समोर जाऊन सांग आणि तिची माफी मागायला लाव. परत केलं तर तारखेसकट स्क्रीनशॉट जपून ठेव आणि पोलिसांत जा. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर बायका आणि मुलांविरुद्धच्या तक्रारींसाठी वेगळी सोय आहे. तो ग्रुपमधला आहे म्हणून जड जाईल. पण ह्या जागेवर गप्प राहिलास तर बहिणीनं परत बोलावं अशी अपेक्षा ठेवू नकोस.

काकांशी वाद घालू नकोस, जिंकणार नाहीस. पुढच्या मॅचला त्यांना गाडीवरून घेऊन ये, सावलीत खुर्ची टाक, चहा दे. तुरमुरीच्या मलप्रभा जाधवनं २०१८ ला जकार्ताला आशियाई खेळांत कुराशमध्ये, म्हणजे कुस्तीच्याच एका प्रकारात, कांस्य जिंकलं, तेव्हा कुराश म्हणजे काय हे शोधत आपण सगळे अभिमानानं फिरत होतो. काकाही त्यात असतील. त्या पोरीच्या पोशाखाचा विषय तेव्हा कुणी काढला नव्हता, एवढी आठवण त्यांना जाता जाता करून दे.

आणि पेजचं. आठवड्यातून एक मुलींची मॅच, ठरलेल्या दिवशी, तुमच्या मॅचसारखीच. उंचावर उभा राहा, कॅमेरा चेंडूबरोबर फिरव, झूम करून कुणाच्या अंगावर नेऊ नकोस. गुलाबी अक्षरं नकोत. "रणरागिणी", "वाघिणी", "नारीशक्ती" हे शब्द मी सात वर्षं छापले आणि आता ते दिसले की मला कटर आठवतो. पोरांच्या बातमीत स्कोअर यायचा आणि पोरींच्या बातमीत विशेषणं. एवढी विशेषणं भरली की नावाला जागा कुठून उरणार? तू स्कोअर दे. खराब खेळल्या तर खराब खेळल्या असं लिही. बचाव फाटला, पास चुकले, सोपी संधी घालवली, सगळं. पोरांना लिहितोस तसंच. कौतुकाची भीक त्यांनाही नको असते. आणि "भाऊ म्हणून अभिमान" असली पोस्ट एकही नको. गोल तिचा आहे, त्यात तुझा फोटो कशाला?

फॉलोअर जातील. शंभर जातील, दोनशे जातील. भाकरी गोल करायला सांगणारे गेले तर जाऊ देत की. जे येतील त्यांत खानापूर, नंदगड, कडोलीच्या पोरी असतील. त्यांना आपल्या गावात अकरा जणी मिळत नाहीत आणि दुसरीकडं कुठं खेळतात तेही माहीत नसतं. सरावाची वेळ आणि मैदान तुझ्या पेजवर टाकलंस तरी त्यांचं काम होईल.

बहीण आठवडाभरात गाडीवर बसेल असं मी म्हणत नाही. सायकल चालवू दे तिला, पायाला बरं असतं.

त्या पी.टी.च्या बाईंना मीही ह्या आठवड्यात गाठतो. त्या आपल्या शाळेच्या पोरी घेऊन मॅचला येतात असं ऐकलंय. पुढची मॅच कुठं आणि किती वाजता, ते कळव. पाऊस असला तर छत्री घेऊन मी येतो.

— अक्का